रेकॉर्ड केलेल्या ट्रॅफिकवरून खोटा सर्व्हर: नुसतं रिप्ले करून भागत नाही, पुढं काय करायचं?

हळदीचा_कोड (सांगली)

नमस्कार मंडळी. विश्रामबागला आमचं छोटं ऑफिस आहे, मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतोय. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालंय, त्यामुळं बिल केलं की ते एपीआयनं (दोन सॉफ्टवेअरनी आपापसात बोलायची सोय) सरकारी पोर्टलला पाठवायचं, परत आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर येतो तो बिलावर छापायचा, एवढंच काम. आम्ही थेट जात नाही, मध्ये एक पुरवठादार आहे (नाव घेत नाही) आणि त्याचा टेस्ट सर्व्हर दुपारी चालला तर संध्याकाळी झोपलेला असतोय. हळदीचे सौदे जोरात असताना रिलीज अडकवून बसणं परवडत नाही.

म्हणून वायरमॉक (खऱ्या सर्व्हरच्या जागी खोटी उत्तरं देणारं टेस्टिंगचं टूल) मध्ये बसवलं आणि टेस्ट सर्व्हर चालू होता तेव्हाचं सगळं ट्रॅफिक रेकॉर्ड करून ठेवलं. मॅपिंग्ज (कुठल्या रिक्वेस्टला कुठलं उत्तर) आणि रिस्पॉन्सच्या फायली आपोआप तयार झाल्या, आता नेट काढून टाकलं तरी टेस्ट हिरव्या. पण कुठलंही बिल पाठवा, आयआरएन तोच येतोय. बिल १०१ चं असो नाहीतर ४५० चं, क्यूआर स्कॅन केला की जुन्याच पार्टीचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) दिसतोय. रिक्वेस्टची बॉडी जुळवायचं चालू केलं तर उलटं होतं, नवीन बिलाला काहीच सापडत नाही आणि ४०४ ('सापडलं नाही') येतो. म्हणजे ढिलं जुळवलं तर खोटं उत्तर आणि घट्ट जुळवलं तर उत्तरच नाही. कुणी रेकॉर्डिंगवरून खरोखर *वागणारा* सर्व्हर केलाय का?

वाळवा_एक्सप्रेस

हाताने लिही की भावा. पायथनमधी दीडदोनशे ओळींचा सर्व्हर होतोय, तीन एंडपॉइंट (रिक्वेस्ट घेणारे पत्ते), विषय संपला. हे रेकॉर्डिंगचं नाटक कशाला.

अजिंक्यतारा_फॅन (सातारा)

एक्सप्रेसराव, हाताने लिहिण्यात अडचण अशी की तो सर्व्हर *आपल्या समजुतीचा* होतो. ज्या माणसानं क्लायंट लिहिला त्यानंच खोटा सर्व्हर लिहिला तर गैरसमज दोन्हीकडे सारखाच, आणि टेस्ट मस्त पास. रेकॉर्डिंगमध्ये समोरच्याच्या खोडी जशाच्या तशा पकडल्या जातात. याच एपीआयचं घ्या ना, बिलाची तारीख पाठवताना दिवस/महिना/वर्ष अशी तिरप्या रेघेनं, आणि उत्तरात ॲकनॉलेजमेंटची तारीख येते ती वर्ष-महिना-दिवस आणि पुढे वेळ. आणि बिलात चूक असली तरी एचटीटीपी २०० ('सगळं ठीक') च येऊ शकतो, आत स्टेटस ० आणि एररची यादी. हाताने लिहिणारा माणूस चुकीला ४०० ('रिक्वेस्ट चुकीची') परत करून मोकळा होईल, कारण आपल्या डोक्यात तसंच बसलंय.

हळदीचा_कोड, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही केलं ते रिप्ले, जुनंच उत्तर परत वाजवणं. तुम्हाला पाहिजे ते वेगळं आहे, आणि त्यासाठी उत्तरातल्या प्रत्येक फील्डला एक प्रश्न विचारायचा: हे कुठून आलं? काही फील्ड रिक्वेस्टमधून जशी आहेत तशी उचललेली असतात, विक्रेत्याचा जीएसटीआयएन, बिल नंबर वगैरे. काही रिक्वेस्टवरून *काढलेली* असतात. आयआरएन हे त्याचं एकदम स्वच्छ उदाहरण, विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, डॉक्युमेंटचा प्रकार आणि नंबर या चारांचा एसएचए-२५६ हॅश (माहितीवरून गणितानं काढलेला ठसा), ६४ अक्षरं. हा तुम्ही स्वतः काढू शकता, रेकॉर्डिंगमधल्या जोड्यांवर पडताळूनही बघू शकता. काही घड्याळातून येतात. काही सर्व्हरच्या आठवणीतून, म्हणजे हे बिल आधी येऊन गेलंय का, रद्द झालंय का. आणि काही त्याच्या गुपितातून, सही. ती सही तुम्हाला जन्मात करता येणार नाही कारण खासगी किल्ली त्यांच्याकडे. तिथं स्वतःची किल्लीची जोडी बनवायची आणि टेस्टच्या कॉन्फिगमध्ये स्वतःची पब्लिक किल्ली द्यायची. क्लायंटमध्ये ती किल्ली कोडात ठोकून ठेवली असेल तर आधी ती बाहेर काढा.

कुठलं फील्ड कशावर अवलंबून आहे हे कळायला सोपी युक्ती आहे, दोन रिक्वेस्ट रेकॉर्ड करा ज्यात फक्त एकच गोष्ट वेगळी आहे. बिल नंबर बदलला आणि बाकी सगळं तेच ठेवलं तर उत्तरात काय काय हललं ते डिफमध्ये (दोन फायलींतला फरक) दिसतं. मग तीच रिक्वेस्ट काहीही न बदलता पुन्हा. हे सगळेजण विसरतात, आणि खरी माहिती तिथंच असते.

हळदीचा_कोड

हे लई भारी आहे. पण एक घोळ आहे, आमची बॉडी एनक्रिप्टेड जाते. लॉगिनला आपण एक ॲपकी (आपणच बनवलेली किल्ली) पाठवतो, ते एसईके (त्या सेशनची किल्ली) देतात आणि पुढचं सगळं त्या किल्लीनं एईएस-२५६ पद्धतीनं कुलूपबंद. रेकॉर्डिंग उघडलं की नुसती अक्षरांची खिचडी, कुठलं फील्ड शोधणार.

अजिंक्यतारा_फॅन

मग रेकॉर्डिंग चुकीच्या जागी होतंय. टीएलएस (नेटवरच्या कनेक्शनचं कुलूप) उघडून तुम्ही एक पडदा काढला, आत दुसरा आहे. ॲपकी तर तुम्हीच बनवता ना? एसईके त्याच किल्लीनं बंद होऊन येते, मग ती पण तुमच्या हातात आहे. प्रॉक्सीच्या (मध्ये बसून ट्रॅफिक पकडणारं, इथं वायरमॉक) पुढं छोटा थर टाका जो एसईकेनं उघडून साधं जेसन (वाचता येणारा मजकूर) लिहून ठेवेल, आणि खोट्या सर्व्हरकडून जाताना चालू सेशनच्या एसईकेनं परत बंद करेल. मागच्या सेशनचा एनक्रिप्टेड रिस्पॉन्स आजच्या सेशनला दिला तर क्लायंटला तो उघडणारच नाही. म्हणजे लॉगिनचा एंडपॉइंट रेकॉर्डिंगवरून चालवायचा नाहीच, तो खराखुरा लिहायचा. लॉगिनचं टोकन ६ तास चालतं, पण खोट्या सर्व्हरवर मी ते दोन मिनिटांत मारतो, म्हणजे टोकन संपल्यावर क्लायंट परत लॉगिन करतोय का नाही ते चहा थंड व्हायच्या आत कळतं.

मिरजकर_तंबोरा

इथं सगळे एचटीटीपीवाले दिसतात. माझं दुखणं वेगळं आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम आहे, काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलवर बोलतो, मध्ये इथरनेटचा डबा लावलाय, त्यामुळं टीसीपीवर (साध्या नेटवर्क कनेक्शनवर) बाईट येत राहतात. रिक्वेस्ट-बिक्वेस्ट काही नाही, तो आपला अखंड वजन ओकत असतो. गळीत हंगाम उन्हाळ्याआधी आटोपतो आणि आमचं डेव्हलपमेंट नेमकं त्यानंतर, तेव्हा गाडीही नाही, ऊसही नाही, काट्यावर शून्य. हंगामात टीसीपीडंपनं (ट्रॅफिक फाइलमध्ये पकडणारं टूल) पकडून ठेवलंय. वायरमॉक इथं कामाचं नाही ना?

शिवाय दुसरं एक काम एका सहकारी बँकेच्या स्विचचं (कार्ड-एटीएमचे व्यवहार पुढं पोचवणारी सिस्टीम) आहे, आयएसओ ८५८३ (त्या व्यवहारांच्या मेसेजचा ठरलेला साचा). तिथं पण तेच.

कृष्णाकाठ

काट्याचं सोपं आहे दादा. तिथं जोडी जुळवायचीच नाही, वेळेनं वाजवायचं. पकडलेल्या प्रत्येक तुकड्याला टाइमस्टॅम्प आहेच, त्याच अंतरानं सॉकेटवर (कनेक्शनवर) सोडत जायचं. फक्त एक ध्यानात ठेवा, टीसीपीचं पाकीट म्हणजे मेसेज नव्हे. एका पाकिटात दीड मेसेज पण येतो, उरलेला अर्धा पुढच्यात. आधी प्रवाह जोडून घ्या, मग सुरुवात-शेवटच्या खुणांवर तोडा. आणि वाजवताना मुद्दाम वेडेवाकडे तुकडे करून सोडा, कारण पार्सर (आलेला मेसेज तोडून वाचणारा कोड) तिथंच झोपतात.

गाडी काट्यावर चढताना आकडा कसा नाचतो, मग स्थिर होतो, ते तुमच्याकडं खरं पकडलेलं आहे हे सोनं आहे. हाताने लिहिलेला सिम्युलेटर थेट स्थिर आकडा देतो, आणि मग हंगामाच्या पहिल्याच रात्री ट्रॅक्टरची मागची ट्रॉली अजून खाली आहे आणि सॉफ्टवेअरनं वजन लॉक केलंय. रांग कुठवर जाते ते तुम्हाला सांगायला नको.

आयएसओ ८५८३ ला माउंटबँक (वायरमॉकसारखंच टूल) बघा, त्याला कच्चं टीसीपी चालतं. पण खरं काम हातानंच करावं लागेल. ०२०० (रिक्वेस्ट) ला ०२१० (उत्तर) जातं, फील्ड ११ (व्यवहाराचा क्रमांक) जसंच्या तसं परत, फील्ड ३९ मध्ये निकाल, ०० म्हणजे मंजूर, ५१ म्हणजे शिल्लक कमी. पुढं लांबीचा हेडर असतो तो विसरू नका, आत एखादं फील्ड लांब झालं आणि हेडर जुनाच राहिला की समोरचा पुढच्या बाईटची वाट बघत बसतो आणि आपण म्हणतो लटकलं.

कराडची_लेक

मिरजकर दादा, तुमच्या स्विचसारख्या गोष्टीवर एक संशोधन आहे, मी एमटेकच्या वेळी वाचलं होतं. मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातली मंडळी आणि सीए ही सॉफ्टवेअर कंपनी मिळून केलेलं, २०१६ च्या आयसीएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परिषदेत पेपर आहे, 'ओपेक सर्व्हिस व्हर्च्युअलायझेशन' नावानं. त्यांची अट अशी की प्रोटोकॉल काय आहे हे मशीनला *सांगायचंच नाही*. फील्ड नाहीत, स्पेसिफिकेशन नाही, नुसत्या रिक्वेस्ट-रिस्पॉन्सच्या रेकॉर्ड केलेल्या जोड्या. आणि त्यावरून नवीन रिक्वेस्टला पटेल असं उत्तर तयार करायचं.

ते करतात कसं, तर जीवशास्त्रातला अल्गोरिदम उचलला. नीडलमन-वुन्श, १९७० चा, प्रोटीनच्या साखळ्या एकमेकींशेजारी लावून कुठं सारख्या कुठं वेगळ्या बघायला केलेला. तोच इथं दोन मेसेजवर चालवायचा. समजा रेकॉर्डिंगमध्ये ही जोडी आहे:

पाठवलं: शोध|खाते=४५१२|क्रम=०७
आलं: मिळाले|क्रम=०७|खाते=४५१२|शिल्लक=९३००

आता नवीन रिक्वेस्ट आली: शोध|खाते=७७३०|क्रम=१२

आधी सगळ्या जुन्या रिक्वेस्टशी अलाइन करून सगळ्यात जवळची निवडायची. मग त्या जुन्या जोडीत बघायचं की रिक्वेस्टमधले कुठले तुकडे रिस्पॉन्समध्ये जसेच्या तसे दिसतात. ४५१२ आणि ०७. अलाइनमेंटमुळं नवीन रिक्वेस्टमध्ये त्या जागेवर काय आहे ते माहीतच आहे, ७७३० आणि १२. ते बदलून टाकायचं: मिळाले|क्रम=१२|खाते=७७३०|शिल्लक=९३००.

शिल्लक ९३०० च राहिली, ती कुठून येणार. पण क्लायंटला चालतं, कारण क्रम जुळला, खातं जुळलं. एलडीएपी, सोप, मेनफ्रेमवरचं आयएमएस अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रोटोकॉलवर त्यांनी हे करून बघितलंय.

वाळवा_एक्सप्रेस

ताई इंटरेस्टिंग आहे, पण 'सगळ्यात जवळची' हे कसं ठरवणार? 'शोध' च्या जागी 'काढ' आलं, आणि पुढचं खातं-नाव-पत्ता सगळं एखाद्या जुन्या शोधाशी तंतोतंत जुळलं, तर हा बाबा 'मिळाले' म्हणून मोकळा. म्या खातं बंद करायला सांगितलं आणि ह्यो शिल्लक सांगतोय.

कराडची_लेक

एक्सप्रेस, बरोब्बर तिथंच बोट ठेवलं तुम्ही. लांब पेलोड (मेसेजमधला डेटा) असला की ऑपरेशनचं नाव गर्दीत हरवतं. त्यावर त्यांचा उपाय मला फार आवडला. सारख्या स्वभावाच्या रिक्वेस्टचे आधी गठ्ठे करायचे, मग एका गठ्ठ्यातल्या सगळ्या एकाखाली एक लावायच्या आणि प्रत्येक जागेवर किती बदल होतो ते मोजायचं, एन्ट्रॉपी. जिथं सगळ्यांत तेच अक्षर येतं ती जागा बहुतेक प्रोटोकॉलची रचना किंवा ऑपरेशनचं नाव, तिला वजन जास्त. जिथं दरवेळी वेगळं, तो डेटा, तिला वजन कमी. मग 'काढ' आणि 'शोध' मधला फरक छोटा असला तरी भारी पडतो.

गठ्ठ्यांचा दुसरा फायदा वेगाचा. नीडलमन-वुन्शला दोन्ही मेसेजच्या लांबीच्या गुणाकाराइतकं काम पडतं, आणि ते हजारो रेकॉर्डिंगशी दर रिक्वेस्टला करत बसलात तर खोटा सर्व्हर खऱ्यापेक्षा मठ्ठ होतो. एका गठ्ठ्याला एक नमुना ठेवला की तुलना नमुन्यांशीच.

मर्यादा पण सांगते. गणित करून आलेली फील्ड याला जमत नाहीत, फक्त उचललेली जमतात. हळदीचा_कोडचा आयआरएन या पद्धतीनं कधीच बरोबर येणार नाही, हॅशमध्ये रिक्वेस्टचा एकही तुकडा दिसत नाही. चेकसमचं (चूक पकडायला डेटावरून काढलेला आकडा) तेच. आणि आठवण नाही, आत्ता टाकलेलं खातं पुढच्या शोधात मिळेल अशी अपेक्षा करायची नाही. ज्या जुन्या सिस्टीमचं डॉक्युमेंटेशन कुणाकडेच उरलं नाही तिथं हे वापरा. जिथं स्पेसिफिकेशन हातात आहे तिथं हा द्राविडी प्राणायाम कशाला?

मिरजकर_तंबोरा

आमच्या स्विचचं डॉक्युमेंटेशन आहे म्हणतात, कुणी बघितलेलं नाही 😄

अजून एक. राउटरवर टीसीपीडंप लावून बँकेच्या ॲपचं ट्रॅफिक पकडलं, टेस्टचंच, परवानगी घेऊन. पण टीएलएस. सर्व्हरची खासगी किल्ली वायरशार्कला (पकडलेलं ट्रॅफिक वाचणारं टूल) दिली तरी उघडत नाही.

अजिंक्यतारा_फॅन

नाही उघडणार. टीएलएस १.३ मध्ये, २०१८ पासून, दर सेशनची किल्ली तात्पुरती ठरते, सर्व्हरची किल्ली फक्त ओळख पटवायला. दोन रस्ते आहेत. एक तर टेस्ट मशिनवर स्वतःचं सर्टिफिकेट टाकून मध्ये एमआयटीएमप्रॉक्सी (टीएलएस उघडून ट्रॅफिक दाखवणारं टूल) बसवा. नाहीतर क्लायंटलाच सेशनच्या किल्ल्या फाइलमध्ये लिहायला लावा, फायरफॉक्स, क्रोम, कर्ल या सगळ्यांना एसएसएलकीलॉगफाइल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कळतं, आणि वायरशार्क ती फाइल वाचतो. ती फाइल मात्र ट्रॅफिकच्या फोल्डरात ठेवून गिटला (टीमच्या सामायिक कोडसाठ्यात) ढकलू नका.

कृष्णाकाठ

गिटवरून आठवलं, यावर कुणी बोलतच नाही. रेकॉर्डिंग म्हणजे *लोकांचा डेटा* आहे. पतसंस्थेच्या, बँकेच्या चालू सिस्टीमचं ट्रॅफिक पकडलं तर त्यात आधार, पॅन, मोबाईल, शिल्लक, सगळं. ते मॅपिंगच्या फायलीत जातं, फायली रिपॉझिटरीत, रिपॉझिटरी नवीन लागलेल्या इंटर्नच्या लॅपटॉपवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आपल्याकडच्या पतसंस्थांची अख्खी ठेव तेवढी नसते कधी कधी.

आणि मास्किंग (खऱ्या माहितीच्या जागी खोटी घालणं) म्हणजे सगळीकडे एक्स एक्स एक्स नव्हे. आधारचा शेवटचा आकडा वरहोफ पद्धतीनं काढलेला चेक डिजिट असतो, कार्ड नंबरला लून पद्धतीचा, जीएसटीआयएनचं पंधरावं अक्षर चेकसम. उगाच काहीही आकडे टाकले तर क्लायंटचं व्हॅलिडेशन तिथंच अडवतं आणि पुढचं काहीच तपासलं जात नाही. जीएसटीआयएनच्या पोटात पॅन असतो, तिसऱ्या अक्षरापासून बाराव्यापर्यंत, म्हणजे पॅन बदलला की जीएसटीआयएन पण त्याच पॅनचा करायला लागतो. खऱ्या एका माणसाला सगळ्या रेकॉर्डिंगभर एकच खोटा माणूस पाहिजे, नाहीतर लॉगिन एकाचं आणि पासबुक दुसऱ्याचं. त्यातही सगळ्यात बरं म्हणजे चालू सिस्टीमवरून रेकॉर्डच करू नका, टेस्ट सर्व्हरवर खोट्या पार्ट्या घालून तिथनं करा.

रहिमतपूरकर

एक बाळबोध प्रश्न, हे सगळं एआयला देता येत नाही का? शंभर जोड्या द्यायच्या आणि म्हणायचं आता तू सर्व्हर हो.

कराडची_लेक

देता येतं, पण प्रत्यक्ष रिक्वेस्टला उत्तर द्यायला नको. त्याच रिक्वेस्टला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं उत्तर आलं तर टेस्ट कुणामुळं पडली ते शोधत बसाल. जोड्या दाखवून टेम्प्लेट *लिहून घ्या*, वाचा, तपासा, आणि मग ती टेम्प्लेट चालवा. मी वायरमॉकच्या हँडलबार्स टेम्प्लेट (रिकाम्या जागा ठेवलेलं उत्तर) तशाच काढून घेते, पहिल्या मसुद्याला बरं असतं. मास्क केल्यावरच हां, कृष्णाकाठ ओरडायच्या आत सांगते.

हळदीचा_कोड

सगळ्यांचे आभार, आता कुठं पोचलोय ते टाकतो. लॉगिन खराखुरा लिहिला. बाकी उत्तरांचा सांगाडा रेकॉर्डिंगमधून, आत आयआरएन काढून घालतो, वेळ चालू घड्याळाची, सही आमच्या टेस्ट किल्लीची. बिलं एका छोट्या एसक्यूलाइट (फाइलमधला डेटाबेस) फाइलमध्ये लक्षात ठेवतो, त्यामुळं तेच बिल परत आलं की २१५० नंबरची एरर, डुप्लिकेट आयआरएन. रद्द करायला २४ तासांची मर्यादा आहे ती पण घातली, आणि रद्द झालेल्याचा नंबर परत वापरू देत नाही. वायरमॉकचे सिनॅरिओ (टप्प्यानुसार उत्तर बदलायची सोय) यासाठी वापरून बघितले पण दर बिलाची वेगळी स्थिती त्यात ठेवणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून शेवटी एक्सप्रेसदादा म्हणाले तसा पायथनच मध्ये आला.

वाळवा_एक्सप्रेस

बघा, म्या पयलंच म्हणलं होतं 😎

अजिंक्यतारा_फॅन

हो, पण सांगाडा रेकॉर्डिंगचा आहे, तुमच्या डोक्यातला नाही, एवढा फरक मान्य करा राव.

हळदीचा_कोड, दोन गोष्टी राहिल्यात. पहिली, रेकॉर्डिंग शिळं होतं. समोरच्यानं एक फील्ड वाढवलं की तुमच्याकडं हिरवं आणि तिकडं लाल. टेस्ट सर्व्हर जागा असेल तेव्हा रात्रीतून मोजक्या रिक्वेस्ट खऱ्याला आणि खोट्याला दोघांना पाठवा आणि उत्तरांची *रचना* ताडून बघा, आकडे नकोत, फील्ड आणि प्रकार. हॉवरफ्लायमध्ये (वायरमॉकसारखंच आणखी एक टूल) यासाठी वेगळा डिफ मोडच आहे. फरक आला तर बिल्ड पाडू नका, नुसता मेसेज येऊ दे.

दुसरी जास्त महत्त्वाची. तुमचं रेकॉर्डिंग सर्व्हर *चालू असताना* केलेलं आहे. म्हणजे ज्या कारणासाठी हा धागा काढला, सर्व्हर मधेच झोपणं, तेच त्यात नाही. समजा बिल पोचलं, आयआरएन तयार झाला, आणि उत्तर येताना कनेक्शन तुटलं. तुमचं सॉफ्टवेअर म्हणणार फेल, अडत्या परत बटण दाबणार, आता २१५०. बिल तर खरं झालंय आणि तुमच्याकडं आयआरएन नाही. हे टेस्ट केलंय का?

हळदीचा_कोड

नाही. आत्ता तरी २१५० आला की आम्ही लाल पट्टी दाखवतो, "बिल आधीच पाठवलेले आहे". यार्डातनं यावर फोन येत असतात, ते आत्ता कळलं का येतात.

अजिंक्यतारा_फॅन

तुमच्या रेकॉर्डिंगमधलं २१५० चं उत्तर नीट पूर्ण उघडून बघा. एररच्या खाली माहितीचा एक भाग येतो, कोड डीयूपीआयआरएन, आणि त्यात आधीचा आयआरएन, ॲकनॉलेजमेंट नंबर, तारीख असते. हाताने लिहिलेल्या सर्व्हरवर हा भाग कुणीच घालत नाही. तो वाचून बिलावर आयआरएन भरून टाकायचा. क्यूआर त्यात नसतो, त्यासाठी आयआरएन देऊन पूर्ण तपशील परत मागवायची वेगळी कॉल आहे.

आणि खोट्या सर्व्हरला अर्धवट मरायला शिकवा. बिल फाइलमध्ये नोंदवायचं आणि उत्तर न देता सॉकेट बंद. वायरमॉकमध्ये कनेक्शन रिसेट, रिकामं उत्तर असे फॉल्ट तयार आहेत, पण तुमची स्थिती पायथनमध्ये आहे तर तिथंच करा, क्रम महत्त्वाचा, *आधी नोंद मग मरण*.

हळदीचा_कोड

उघडून बघितलं. आहे. डीयूपीआयआरएन, खाली आयआरएन, सगळं. आमच्या क्लायंटचा पार्सर एररची यादी वाचून पुढचं सोडून देतोय. आज रात्री पार्सर बदलतो आणि आधी नोंद मग सॉकेट बंद ही टेस्ट घालतो.

मिरजकर_तंबोरा

मॅपिंग्ज मास्क करून टाकशील का इथं? आणि कृष्णाकाठ, ते काट्याचं वेळेनं वाजवणारं काही लिहिलेलं आहे का तुझ्याकडं, का मीच लिहू?

कृष्णाकाठ

आहे, छोटंच आहे, निरोपात पाठवतो. तुकडे वेडेवाकडे तोडायचा पर्याय बंद करून ठेवलाय, तो चालू कर.